व्हाइट लायनचा 'प्राइड': केसांवर जाऊ नका, गिटार ऐका

आधीच कबूल करून टाकतो, या बँडला मी बरीच वर्षं नुसते फोटो बघून बाद केलं होतं. फुगवलेले केस, अंगाला चिकटलेल्या पँटी, कॅमेऱ्याकडे बघायची ती एक ठरलेली नजर आणि वर नाव काय तर व्हाइट लायन. त्याच काळात व्हाइटस्नेक होता, ग्रेट व्हाइट होता, म्हणजे पांढऱ्या रंगाचा नुसता सुळसुळाट, त्यामुळे कोण कुठला हे लक्षात ठेवायच्या भानगडीतच मी पडलो नाही. ग्लॅम मेटल, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं ते नटूनथटून वाजवलेलं हार्ड रॉक, मला आवडतं, पण एका मर्यादेपर्यंत, एकापाठोपाठ तीन अल्बम ऐकले की सगळी गाणी एकाच माणसाने एकाच दुपारी लिहून काढल्यासारखी वाटायला लागतात. त्यामुळे 'प्राइड' हा १९८७ चा अल्बम माझ्या यादीत कायम 'बघू कधीतरी' या खात्यात पडून होता.

मग कधीतरी पॉवर बॅलडची, म्हणजे रॉक बँडच्या संथ, भावुक गाण्यांची, एक लांबलचक यादी मागे लावून काम करत बसलो होतो आणि त्यात 'व्हेन द चिल्ड्रन क्राय' लागलं. हे गाणं आधी ऐकलेलं होतंच, त्या काळातली बॅलड ज्यांनी ऐकलीत त्यांनी हे ऐकलेलं असतंच, पण त्या दिवशी सोलो, म्हणजे मधला एकट्या गिटारचा तुकडा, आला आणि मी हातातलं काम थांबवून गाणं मागे नेलं, परत ऐकलं, परत मागे नेलं. म्हणजे अशा गाण्यांत सोलो कसा असतो ते आपल्याला पाठ असतं, दोन लांब ओढलेले सूर, मग एक वेगाची भिरकी, मग सगळ्यात वरचा सूर पकडून डोळे मिटायचे, झालं. इथे तसं नव्हतं. इथे तो माणूस काहीतरी सांगत होता, एक वाक्य, मग त्याला उत्तर, मग त्याच वाक्याला जरा वेगळं वळण आणि मग अलगद परत गाण्यात, समेवर. कोण आहे हा म्हणून शोधलं तर नाव व्हिटो ब्रॅटा. आणि तिथून माझं 'प्राइड' सुरू झालं, शेवटच्या गाण्याकडून उलटं.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की अल्बम वेगळा ऐकू येतो. गायक माइक ट्रॅम्प हा डेन्मार्कचा, कोपनहेगनचा. पोरवयात तो माबेल नावाच्या पॉप बँडमध्ये होता आणि १९७८ साली हा बँड युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत डेन्मार्ककडून उतरलासुद्धा होता. हे वाचून मला हसू आलं होतं पण मग ट्रॅम्पच्या चाली ऐकल्या की कळतं, पोरगा पॉपच्या शाळेत शिकून आलाय, ध्रुवपद कसं बांधायचं ते त्याच्या अंगात आहे. ब्रॅटा न्यूयॉर्कचा, स्टेटन आयलंडचा. दोघांनी १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बँड उभा केला, पहिला अल्बम 'फाइट टू सर्व्हाइव्ह' जर्मनीत जाऊन रेकॉर्ड केला, इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने करार केलेला होता, आणि मग तयार अल्बम ऐकून इलेक्ट्राने तो काढायलाच नकार दिला. झालं, कल्याण. शेवटी तो १९८५ ला आधी जपानमध्ये आला, मग अमेरिकेत एका छोट्या कंपनीने काढला आणि ती कंपनीच बुडाली. म्हणजे नशीब बघा. अल्बमचं नाव 'जगण्यासाठी झुंज' आणि त्या नावाने स्वतःवरच सगळं ओढवून घेतलं.

त्यात बँडमध्ये माणसं येत होती, जात होती. शेवटी बेसवर जेम्स लोमेन्झो आणि ड्रमवर ग्रेग डी'अँजेलो असे दोघं टिकले. मेटलवाल्यांसाठी एक गंमत, डी'अँजेलो आधी अँथ्रॅक्समध्ये होता, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, आणि लोमेन्झो पुढे जाऊन मेगाडेथमध्ये बेस वाजवायला लागला, दोन्ही एकदम कडक मेटल बँड. व्हाइट लायनला 'केसवाले' म्हणून नाकं मुरडणाऱ्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला होता. असो. मग अटलांटिक कंपनीने घेतलं, प्रोड्युसर म्हणून मायकल वॅगनर मिळाला आणि सुमारे सहा आठवड्यांत 'प्राइड' रेकॉर्ड झाला. जून १९८७ ला बाजारात.

आता वॅगनरबद्दल बोलायला पाहिजे कारण या अल्बमचा अर्धा गुण त्याचा आहे आणि अर्धा दोषही. हा जर्मन माणूस म्हणजे त्या काळात जिथे तिथे. डोकनबरोबर काम, अ‍ॅक्सेप्टबरोबर काम, १९८६ चा मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' यानेच मिक्स केला, पुढे १९८९ चा स्किड रोचा पहिला अल्बम याचा, १९९० चा एक्स्ट्रीमचा 'पोर्नोग्राफिटी' याचा. यादी बघितलीत तर एक गोष्ट लक्षात येईल, जिथे जिथे एक जबरदस्त गिटारिस्ट आहे तिथे हा माणूस हजर. डोकनमध्ये जॉर्ज लिंच, एक्स्ट्रीममध्ये नुनो बेटनकोर्ट, आणि इथे ब्रॅटा. गिटारला पुढे बसवायचं आणि तिच्या आजूबाजूला मोकळी हवा ठेवायची, हे त्याला जमतं. 'प्राइड'मध्ये कीबोर्डचा चिकट थर जवळजवळ नाहीच, आणि १९८७ साली हे सोपं नव्हतं हो, त्या वर्षी जो तो गाण्यावर कीबोर्डचं आवरण चढवत होता. एकीकडे डेफ लेपर्डचा 'हिस्टीरिया', एकेक आवाज चाळीस वेळा घासून पुसून चकचकीत केलेला, आणि इथे हा अल्बम, चार माणसं खोलीत वाजवतायत असं वाटावं इतका मोकळा. बऱ्याच ठिकाणी सोलो सुरू झाला की खाली दुसरी गिटारच नसते, नुसता बेस आणि ड्रम. म्हणजे ब्रॅटा ऱ्हिदम सोडतो आणि सोलोला लागतो, अगदी स्टेजवर करेल तसं. ज्याला स्वतःवर भरवसा आहे तोच असं करू धजतो, कारण खाली गादी नाही, पडलात तर आवाज होणार.

दोष कुठला म्हणाल तर ड्रम. तो मोठ्ठा, रिकाम्या गोदामात वाजवल्यासारखा स्नेअर, म्हणजे मुख्य ठोक्याचा ड्रम, काळाचा शिक्काच आहे तो, त्याला इलाज नाही. पहिल्या दोन गाण्यांत खटकतो, मग कान मरतात. मला वाटतं डी'अँजेलो बरा ड्रमर आहे, त्याच्या हातातलं बारीक काम त्या प्रतिध्वनीत वाहून गेलंय.

चला, गाण्यांकडे.

'हंग्री'ने सुरुवात होते आणि नावाप्रमाणेच भुकेलं गाणं आहे. पहिल्या अल्बमचं जे झालं ते माहीत असेल तर यातली धडपड खरी वाटते, नाहीतर 'मला सगळं पाहिजे' छापाची गाणी प्रत्येकाकडे असतात. रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, दमदार आहे पण माझं लक्ष गेलं ते रिफच्या मधल्या जागांकडे. बहुतेक बँड काय करतात, जाड कॉर्ड धरला, तळहाताने दाबून धडधड केली, कडवं संपलं. ब्रॅटा ट्रॅम्पच्या दोन ओळींमध्ये जी एवढीशी फट असते तिथे एखादी हरकत टाकून जातो, दोन तारा एकदम ओढतो, एखादा टिचकीसारखा वरचा सूर काढतो आणि पुढच्या ओळीच्या आत परत जागेवर. संगत करणारा चांगला पेटीवाला कसं करतो, गायकाने श्वास घेतला की जागा भरून काढतो आणि गायक परत आला की बाजूला होतो, अगदी तसंच. हे एकदा कानाला लागलं की मग तुम्ही गायकाला सोडून या फटीच शोधत बसता, मी तर बसतो.

'लोनली नाइट्स' मधल्या चालीचं आहे, नाव एवढं गुळगुळीत की मी पुढे ढकलणार होतो, बरं झालं नाही ढकललं. चाल फार गोड आहे. 'डोन्ट गिव्ह अप' वेगात आहे, लहान आहे, हार मानू नकोस वगैरे सांगतं, येतं आणि जातं. 'स्वीट लिटल लव्हिंग' बद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, वाजवलंय छान, लिहिलंय झोपेत.

आणि मग 'लेडी ऑफ द व्हॅली'. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, साडेसहा मिनिटांच्या आसपास, आणि इथे कळतं की या लोकांच्या डोक्यात पार्टीपलीकडे काहीतरी होतं. युद्ध, मरण आणि काकुळतीला येऊन केलेली विनवणी, असा विषय. त्या काळात ग्लॅम बँडच्या लांब गाण्यात सहसा गायक पावसात उभा राहून गेलेल्या मुलीसाठी रडत असतो, इथे तसलं काही नाही. गाणं चढतं, उतरतं, जड होतं, मोकळं होतं, आणि ब्रॅटाला पाय पसरायला जागा मिळते. पूर्ण अल्बममध्ये हे सगळ्यात 'मेटल' गाणं आहे. मला विचाराल तर गाणं म्हणून सगळ्यात चांगलंही हेच. रेडिओवर हे कोण वाजवणार होतं म्हणा, पण ज्यांना हा बँड म्हणजे दोन हिट गाणी एवढंच माहितीय त्यांनी इथून सुरू करावं. ट्रॅम्पचा आवाज इथे थोडा ताणला जातो, पोहोचत नाही कुठे कुठे, पण विनवणीच्या गाण्यात आवाज थोडा तुटला तर ते बरंच वाटतं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेतो. माइक ट्रॅम्प हा काही मोठा गायक नाही. वर जाऊन किंचाळणं त्याच्याकडे नाही, डोकनच्या डॉनसारखी धार नाही, व्हाइटस्नेकच्या कव्हरडेलसारखा छातीतून येणारा भारदस्तपणा नाही. थोडा घोगरा, थोडा नाकातला, मधल्या पट्टीत बसलेला आवाज आहे आणि इंग्रजी उच्चारांत डॅनिश माणूस डोकावतोच. शब्दही साधे, कधी कधी फारच साधे, म्हणजे परक्या भाषेत लिहिणारा माणूस जे शब्द हाताशी आहेत त्यांच्यावर भागवतो ना, तसे. पण यात एक गंमत अशी झालीय की गायक फार वर न गेल्यामुळे वरची सगळी जागा गिटारला मोकळी मिळते. दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. हाच ब्रॅटा एखाद्या किंचाळणाऱ्या गायकाबरोबर असता तर दोघांची वर चढायची शर्यत लागली असती आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठलं असतं. ट्रॅम्प गोष्ट सांगतो, ब्रॅटा ती पुढे नेतो. मला आधी वाटायचं की या बँडला चांगला गायक मिळाला असता तर काय झालं असतं, आता नाही वाटत.

दुसरी बाजू 'वेट'ने सुरू होते. आता इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, माफ करा, पण हे गाणं मी अक्षरशः शेकड्याने ऐकलंय.

या गाण्याचं नशीबही बँडसारखंच. १९८७ च्या उन्हाळ्यात सिंगल म्हणून आलं आणि कोणी ढुंकून बघितलं नाही. एमटीव्हीने व्हिडिओ मनावर घेतला तो पार जानेवारी १९८८ मध्ये, म्हणजे सहा-सात महिने गाणं नुसतं पडून, नाव 'थांब' आणि थांबायला लागलं बिचाऱ्यांनाच. मग मात्र जे उचललं गेलं ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्या जोरावर अल्बम ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि पुढे अमेरिकेत डबल प्लॅटिनम झाला, म्हणजे वीस लाख प्रती. तोपर्यंत हे लोक एसी/डीसी, एरोस्मिथ अशा मोठ्या लोकांच्या आधी वाजवत अमेरिकाभर फिरत होते. एसी/डीसीचा प्रेक्षक म्हणजे काय, आधीच्या बँडला उभं राहू देत नाहीत ते लोक, तिथे हे केसवाले जाऊन वाजवून आले याचं मला कौतुक आहे.

गाणं तसं साधं आहे, मुलगी निघालीय आणि हा थांब म्हणतोय, संपली गोष्ट. सुरुवातीची गिटारची स्वच्छ, किणकिणणारी नक्षी, त्यावर ट्रॅम्प, मग जोरात ध्रुवपद, मागे भरपूर आवाज. रेडिओला लागतं ते सगळं आहे. आणि मग येतो सोलो, आणि तो सोलो या गाण्याच्या लायकीपेक्षा फार मोठा आहे, म्हणजे साध्याशा घराला कोरीव सागवानी दार बसवावं तसा. सुरुवात गाण्यासारखी, गुणगुणता येईल अशी. मग अचानक दोन्ही हात फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर, बोटांनी तारांवर टिचक्या मारत, टॅपिंग, पण टॅपिंग म्हणजे गिटारिस्ट एडी व्हॅन हेलननंतर ज्याने त्याने जी भुरभुर करून ठेवली होती तसं नाही. व्हॅन हेलनचा प्रभाव आहे, उघड आहे, लपवत पण नाही तो. पण ब्रॅटा टॅपिंगमधून कॉर्ड मोकळे करतो, खालची सुरावट बदलली की वरच्या बोटांची नक्षी त्याप्रमाणे बदलते, त्यामुळे वेग असूनही चाल ऐकू येत राहते. सूर एकमेकांत विरघळतात, पिकचा टकटक आवाज नाही. आणि शेवट असा की पुढच्या ओळीवर गाणं आपोआप येऊन बसतं. हा सोलो कापून काढला तर गाण्यातून एक कडवंच गेल्यासारखं वाटेल. बाकीच्यांचे सोलो कापले तर वेळ वाचेल.

मी गिटार वाजवतो, म्हणजे घरच्यांच्या मते आवाज करतो. हा सोलो शिकायला मी तीन महिने घातले. पहिला भाग आठवड्यात आला आणि मला वाटलं झालं, मैदान मारलं. मग मधल्या तुकड्याला भिडलो. डाव्या हाताची बोटं इतकी लांब ताणायला लागतात की मनगट दुखायला लागलं, आणि हळू वाजवलं तर येतं, वेगात नेलं की सगळे सूर एकमेकांवर पडून चिखल. तेव्हा कळलं की हे जे ऐकायला इतकं गुळगुळीत, सहज वाटतं ते किती अवघड आहे. त्या काळातल्या गिटारच्या मासिकांनी त्याला वर्षातला उत्तम नवा गिटारिस्ट ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं, आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटतं की आज नावं निघतात तेव्हा हे नाव निघत नाही. गिटारवाल्यांच्या गप्पांत निघतं, बाकी कुठे नाही.

'वेट' नंतर 'ऑल यू नीड इज रॉक अँड रोल'. पाच मिनिटं. रॉक अँड रोल असलं की बाकी काही नको, असं सांगायला पाच मिनिटं लागतात का? स्टेजवर मजा येत असेल, प्रेक्षकांकडून ओरडून घेता येत असेल, घरी बसून ऐकताना मी घड्याळ बघतो. 'टेल मी' त्यापेक्षा कितीतरी सरस. हलकं, उड्या मारणारं, चाल डोक्यात घुसून बसणारी. हे पण सिंगल म्हणून आलं होतं, 'वेट'एवढं चाललं नाही, यादीत पन्नाशीच्या खालीच अडकलं, का ते मला कळत नाही, कारण रेडिओसाठी यापेक्षा सोयीचं गाणं मिळणं कठीण. 'ऑल जॉइन अवर हँड्स' म्हणजे सगळे हात धरा, मुठी वर करा, सगळे मिळून गा. त्या काळात प्रत्येक अल्बमात असं एक गाणं घालायचा बहुतेक सरकारी नियम असावा. ब्रॅटाच्या गिटारमुळे सुसह्य होतं.

थोडक्यात काय, दहा गाण्यांपैकी तीन अशी आहेत की नसती तरी चाललं असतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या अल्बमात हे प्रमाण कमी नाही. पण गंमत सांगतो, या भरतीच्या गाण्यांत पण सोलोच्या जागी मी कान टवकारतो. माणसाने एकही सोलो टाकायचा म्हणून टाकलेला नाही. गाणं झोपेत लिहिलेलं असलं तरी सोलो जागेपणी लिहिलाय.

शेवटी 'व्हेन द चिल्ड्रन क्राय', जिथून मी आत शिरलो होतो. ड्रम नाहीत, बोटांनी छेडलेली अकूस्टिक गिटार, ट्रॅम्पचा आवाज आणि मधे तो सोलो. १९८९ च्या सुरुवातीला हे बिलबोर्डवर ३ ऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे अल्बम येऊन दीड वर्ष उलटल्यावर! युद्धं करून ठेवलेल्या मोठ्यांनी मुलांसाठी कसलं जग ठेवलंय, असा विषय. राष्ट्राध्यक्षच नसतील तर युद्धंही संपतील, असा भाबडा विचारही त्यात आहे. यावर हसणं सोपं आहे, मीही हसलोय. पण इतर बॅलडमध्ये जेव्हा सगळे प्रेमभंगाचा रतीब घालत होते तेव्हा या माणसाला हा विषय सुचला, आणि त्याने तो भाबडेपणाने का होईना, पण मनापासून गायलाय. इथे त्याचा तो साधा आवाज आणि साधे शब्द बरोबर बसतात. फार कमावलेल्या गळ्याचा गायक असता तर हेच गाणं भाषण झालं असतं.

आणि अकूस्टिक वाजवणं! बॅलडच्या गिटारमध्ये सहसा काय असतं, चार कॉर्ड, वरून खाली छेडायचे. इथे अंगठा बेस सांभाळतो आणि बाकीची बोटं वर वेगळीच चाल विणत असतात. ज्यांना हेडफोनवर ऐकणं शक्य आहे त्यांनी नक्की हेडफोनवर ऐका, बोटं तारेवरून सरकतानाचा बारीक आवाजसुद्धा ऐकू येतो.

पुढे काय झालं तेही सांगतो कारण बरेच जण 'प्राइड' ऐकून पुढचे अल्बम शोधायला जातात. १९८९ चा 'बिग गेम' घाईघाईत काढल्यासारखा वाटतो, सततच्या दौऱ्यांतून उसंत कुठली. त्यात 'लिटल फायटर' आहे, ग्रीनपीसच्या रेनबो वॉरियर जहाजावरचं, ते चांगलं आहे. १९९१ चा 'मेन अ‍ॅट्रॅक्शन' वाजवण्याच्या दृष्टीने कदाचित 'प्राइड'पेक्षा पुढचा आहे, ब्रॅटा तिथे आणखी परिपक्व झालाय, पण गाणी लांबली आणि तोपर्यंत वारं फिरलं होतं. लोमेन्झो आणि डी'अँजेलो बाहेर पडले, आणि सप्टेंबर १९९१ मध्ये बॉस्टनला शेवटचा कार्यक्रम करून बँड थांबला. तोच महिना ज्यात निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, केसवाल्या बँडचे दिवस संपवणारा अल्बम. योगायोग, पण काय योगायोग.

त्यानंतर ट्रॅम्प गात राहिला, फ्रीक ऑफ नेचर नावाचा जरा जड आवाजाचा बँड काढला, मग स्वतःचे अल्बम, आणि २०२३ मध्ये व्हाइट लायनची जुनी गाणी नव्याने गाऊन एक अल्बमही काढला. तो मी ऐकला. आवाज वयाप्रमाणे उतरलाय आणि मला तो आवडला, गाणी त्याने आताच्या गळ्याला शोभतील अशी गायलीत, उगाच पंचविशीतला असल्याचा आव नाही. पण सोलोच्या जागा आल्या की मी मनातल्या मनात जुनेच ऐकत होतो, त्यात वाजवणाऱ्याचा काही दोष नाही.

ब्रॅटा मात्र गेला तो गेलाच. बँड संपला आणि माणूस जवळजवळ दिसेनासाच झाला. २००७ साली एका रेडिओ कार्यक्रमात तो बोलला, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, तेव्हा कळलं की घरी वडिलांचं आजारपण होतं, स्वतःच्या मनगटाला दुखापत झालेली होती. त्याच्या वयाचे बाकीचे सगळे जुनी गाणी घेऊन दौरे करतायत, आणि हा घरी. त्यामुळे झालंय काय की त्याचं जे काही आहे ते १९८५ ते १९९१ मधल्या चार अल्बमांत बंद आहे. नंतरचा फसलेला सोलो अल्बम नाही, म्हातारपणी हात थरथरतानाचा व्हिडिओ नाही, काही नाही. वाईट वाटतं, आणि एकीकडे मला ते हवंहवंसंही वाटतं, हे बरोबर नाही हे कळतं मला.

कुठल्या स्वरूपात ऐकावा म्हणाल तर त्या काळची सीडी मिळाली तर ती. आजच्या अल्बमांच्या मानाने ती हळू वाजते, घाबरू नका, आवाज वाढवा, त्या हळू असण्यातच गिटारभोवतीची मोकळी जागा शिल्लक आहे. स्ट्रीमिंगवर पण चालेल, फक्त गाण्यांचा क्रम मोडू नका, 'लेडी ऑफ द व्हॅली' संपून 'वेट'ची ती किणकिण सुरू होते तो क्षण क्रमाने ऐकला तरच लागतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर राहू द्या, बेस ऐकूच येणार नाही आणि सोलोच्या खाली बेसशिवाय दुसरं काही नाहीये.

त्या मित्राला, तो अँथ्रॅक्स-मेगाडेथवाला, मी शेवटी हा अल्बम अर्धाच ऐकवला, पहिली बाजू. 'स्वीट लिटल लव्हिंग'ला त्याने मोबाईल काढला, 'लेडी ऑफ द व्हॅली'ला परत खिशात ठेवला. 'वेट' सुरू व्हायच्या आत मीच बंद केलं, म्हटलं हे घरी जाऊन एकट्याने ऐक. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, फक्त एक प्रश्न, तो मधला तुकडा कुठल्या फ्रेटवर आहे रे. मला विचारतोय! मी अजून तिथेच अडकलोय.